सहावा पत्ता

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे. पुन्हा लिहीत नाही. वय छप्पन्न. वाणिज्य शाखेचा पदवीधर. रुग्णालयाच्या औषध भांडारात एकोणतीस वर्षे. आजपासून तिथल्याच संगणक-टीमचा स्क्रम मास्टर. वहीचा हेतू एकच — जे घडेल ते घडले तसे, त्याच दिवशी लिहून ठेवणे.

भांडारातून निघताना शिपाई म्हणाला, "मास्टर झालात म्हणजे बढती का, साहेब?" बढती नव्हे. तीन दिवसांच्या प्रशिक्षणात कळले ते एवढे, की हा मास्टर कोणाला हुकूम सोडत नाही, कोणाला काम वाटून देत नाही. टीमच्या वाटेतले अडथळे दूर करायचे आणि ठरलेले नियम पाळले जातात ना, ते पाहायचे. सौ. म्हणाली, "म्हणजे छडी नसलेला मास्तर. घरात तरी वेगळं काय होतं!"

काम असे : बालविभागासाठी औषधाची मात्रा ठरवणारी संगणकप्रणाली. परिचारिकेने मुलाच्या मनगटावरची पट्टी यंत्रासमोर धरायची. किती मिली द्यायचे ते पडद्यावर येणार. कागद बंद. सुरू होण्याची तारीख सोमवार, ३ मार्च. व्यवस्थापकांनी — त्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात — ती विश्वस्तांना सांगूनही टाकली आहे. आकडा चुकला तर तो मुलाच्या अंगात जाणार. हे लक्षात ठेवावे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दुसरा मजला, लांबट खोली, एक टेबल, आठ खुर्च्या. भिंतीवर पांढरा बोर्ड : करायचे, चालू, झाले. कामाची चिठ्ठी एका रकान्यातून दुसऱ्यात सरकते. पसंत पडले.

दहाला उभ्याउभ्या बैठक. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या — काल काय केले, आज काय करणार, अडले कोठे. पंधरा मिनिटे. आज सतरा झाली! दोन मिनिटे दाढीवाल्याने खाल्ली. हा टीममधला सर्वांत अनुभवी. शिवाय दोघे शेजारी-शेजारी बसणारे. एकसारखे शर्ट घालतात म्हणून त्यांना जुळे म्हणतात. एक धाकटी, वय तेवीस, मला 'मास्तरकाका' म्हणते. आणि चाचणी करणारी बाई. तिला प्रत्येक गोष्टीची शंका येते, म्हणून शंकाबाई. हे पाच जण काम करणारे.

सहावी मालकीणबाई. काय बनवायचे आणि आधी काय, हे ती ठरवते. कसे बनवायचे हे नाही. पूर्वी बालविभागातच मुख्य परिचारिका होती. मी सातवा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दर मंगळवारी अंदाजाची बैठक. पाच जणांना प्रत्येकी आठ पत्ते : एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा, वीस आणि एक प्रश्नचिन्ह. मालकीणबाई काम वाचून दाखवते. मग त्या कामाला किती लागेल, तेवढ्या आकड्याचा पत्ता प्रत्येकाने पालथा ठेवायचा आणि सर्वांनी एकदम उलटायचा — म्हणजे कोणी कोणाचे पाहून आकडा सांगत नाही. ज्याचा सर्वांत मोठा आणि ज्याचा सर्वांत लहान, त्या दोघांनी कारण सांगायचे. मालकीणबाईला व मला पत्ते नाहीत. आम्हाला मत नाही.

(आकडा म्हणजे दिवस नव्हेत, असे प्रशिक्षणात तीनदा बजावले होते. येथे सगळे दिवसच धरतात.)

पहिले काम, मनगटपट्टीचे वाचन. पत्ते उलटले. तीन, तीन, तीन, तीन, तीन — आणि आठ.

मी नियमानुसार म्हणालो, "ज्यांचा आठ, त्यांनी बोलावे." दाढीवाला म्हणाला, "माझा तीन." जुळे म्हणाले, "आमचे तीन." पाचांनी पाच तीन आपापले म्हणून सांगितले.

"दोन पत्ते चिकटून आले असतील कोणाचे तरी," मालकीणबाई म्हणाली. तीनच धरले. पुढे गेलो.

पत्ते गोळा केले. पाच.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी नऊ वाजता, खोलीत एकटा असताना, डबा उघडून मोजले. चाळीस. पाच अठ्ठे चाळीस. आठ आकड्याचे पत्ते पाचच, आणि पाचही आपापल्या संचात.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल प्रत्येक संचाच्या पाठीवर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षर घातले — क, ख, ग, घ, च. कोणाला सांगितले नाही.

आज तीन कामांचे अंदाज होते. पहिल्या दोहोंना पाच पत्ते. तिसऱ्याला, उलटण्यापूर्वी, मी टेबलाभोवती फिरून पालथे पत्ते पाहिले. क. ख. ग. घ. च. आणि टेबलाच्या त्या टोकाला, जिथे खुर्ची आहे पण बसत कोणी नाही — छ.

'छ' मी लिहिलेला नाही. अक्षर मात्र माझे. छ-ची गाठ मी खालून बांधतो. शाळेत त्यावरून मार खाल्ला आहे.

उलटले : दोन, दोन, एक, दोन, दोन. छ-चा पाच.

या वेळी सर्वांनी पाहिले. शंकाबाईने मोबाइलवर फोटो काढला. फोटोत पत्ते पाच. टेबलावर सहा. तिने फोटो पाहिला, टेबल पाहिले, पुन्हा फोटो. "पत्ता आहे," ती म्हणाली, "माणसाचाच पत्ता नाही!" सगळे हसले. बराच वेळ हसत राहिले. मग एकदम थांबले.

गोळा केले. पाच. क, ख, ग, घ, च.

जिन्यात दाढीवाल्याने मला गाठले. "मास्तर, तुम्हीच टाकता ना? मत द्यायला मिळत नाही म्हणून?" मी म्हणालो, मी नियम मोडत नाही. "तेच तर म्हणतोय," तो म्हणाला, "एवढं नियमानं वागणारा माणूस कुठून तरी फुटणारच."

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मनगटपट्टीचे काम आज 'झाले'मध्ये गेले. बुधवार १२ पासून, शनिवार-रविवार वगळून — आठ दिवस. तीन नव्हे. आठ.

सोमवार, २४ फेब्रुवारी

छ-ने पाच सांगितलेले कामही आज पुरे झाले. बुधवार १९ पासून मोजले तर चार दिवस. मनातून हायसे वाटले — चुकला! तेवढ्यात धाकटी म्हणाली, "नाही हो मास्तरकाका, मी मंगळवारी दुपारीच सुरू केलं होतं." म्हणजे पाच.

टीमने त्याचे नाव आता पाहुणा ठेवले आहे. जुळ्यांपैकी एक म्हणतो, "पाहुणा आला की काम वाढतं, हे आमच्या घरीही असंच." दहाच्या बैठकीत आज सर्वांनी नकळत गोल थोडा मोठा केला. एकाच्या जागेची फट सोडली. मी ती पाहिली. भरून काढा असे म्हणालो नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मोठे साहेब स्वतः बैठकीला आले. सोमवारी सुरू व्हायचे आहे, शेवटचे एकच काम उरले आहे : वजनानुसार मात्रा. शंकाबाईच्या चाचण्या उत्तीर्ण. नुसता शेवटचा हात फिरवायचा, असे सर्वांचे मत. मी साहेबांना पाहुण्याबद्दल काही सांगितले नव्हते. काय सांगणार?

पत्ते उलटले. दोन, दोन, तीन, दोन, दोन.

वीस.

"वीस कोणाचा?" साहेब.

धाकटी टेबलाखाली पाहत होती. दाढीवाला घसा साफ करून म्हणाला, "तो मोजू नका, साहेब. तो... जादा आहे."

"कोणाचाच नसेल तर काढून टाका. दोन दिवस धरा. सोमवारी सुरू."

मालकीणबाईने माझ्याकडे पाहिले. तिला थांबायचे होते, हे दिसत होते. पण कारणाशिवाय काय म्हणून थांबणार? साहेबांनी हात पुढे केला — पत्ता उचलायला. सहा दिवसांनी त्या विभागातली बावीस मुले या यंत्राच्या हवाली. आणि आठ खरा निघाला होता. पाच खरा निघाला होता.

मी उभा राहिलो. म्हणालो, "तो पत्ता माझा आहे."

एकोणतीस वर्षांत कार्यालयात बोललेले माझे हे पहिले खोटे.

"तुम्हाला मत आहे का?" साहेब.

"नाही."

"मग?"

"तरी पत्ता माझा आहे."

"ठीक. कारण सांगा. नियम तुमचाच आहे, नाही का?" ते हसले.

कारण माझ्याकडे नव्हते. संगणकाच्या आतले मला ओ की ठो कळत नाही. तोंड उघडले ते 'क्षमा असावी' म्हणायला. आणि बोललो ते असे — "मूल सात नंबरच्या पलंगावरून बारावर हलवले, की नाव मुलाबरोबर जाते, औषध मुलाबरोबर जाते, वजन पलंगावरच राहते. बारावर आधी तीस किलोचा मुलगा असेल, तर नऊ किलोच्या मुलीला तीस किलोची मात्रा. रात्री बारानंतर वजन नव्याने वाचले जाते, म्हणून चाचणीत सापडत नाही. चाचणी दुसऱ्या दिवशी पाहतात. हे एका जागी नाही. चौदा जागी आहे."

चार मिनिटे बोललो म्हणतात. मला चार वाक्ये आठवतात.

दाढीवाल्याने लॅपटॉप उघडला. अकरा मिनिटांनी तो म्हणाला, "आहे." मग आणखी थोड्या वेळाने, "चौदा."

मालकीणबाई फक्त एवढेच म्हणाली, "आम्ही तिथे रोज चार-पाच मुलं हलवतो."

तारीख पुढे गेली. साहेब जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. सगळे माझ्याशी हात मिळवीत होते, तेवढ्यात माझे लक्ष टेबलाकडे गेले. पत्ते पाच.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सौ.ला सर्व सांगितले. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "खोटं बोलायचं तर पचेल एवढंच बोलावं माणसानं. दुसऱ्याची वस्तू आपली म्हटलीत. मालक आला तर काय द्याल त्याला?"

म्हणालो, मुले वाचली.

"वाचली ना? बरं झालं. मी कुठे नाही म्हणते?" पण नंतर दार लावायला ती दोनदा उठली.

मंगळवार, ४ मार्च

चार कामांचे अंदाज. चारही वेळा पाच पत्ते. मी प्रत्येक वेळी टेबलाभोवती फिरलो. छ नाही.

जुळे म्हणाले, "पाहुणा रुसला." शंकाबाई म्हणाली, "रुसला कसला, साहेबांनी पकडल्यावर लाजले मास्तर!" आता सर्वांची खात्री झाली आहे की सुरुवातीपासून तो मीच. दाढीवाला डोळे मिचकावतो. मी नाकारले नाही. नाकारले तर चौदा जागांचे कारण कोणी दिले, ते सांगावे लागेल.

दहाच्या गोलातली फट बुजली आहे.

माझी खुर्ची मात्र कोणी तरी टेबलाच्या त्या टोकाला नेऊन ठेवली होती. विचारले. म्हणतात, तुम्हीच तर तिथे बसता.

शुक्रवार, ७ मार्च

चौदापैकी नऊ जागा दुरुस्त. शंकाबाई आता प्रत्येक चाचणीत मुलाला तीनदा हलवते. काम चोख चालले आहे.

सोमवार, १० मार्च

दुपारपासून कणकण. चारला घरी. ताप एकशे दोन. उद्याच्या बैठकीला येत नाही असा निरोप मालकीणबाईला पाठवला, असे मला वाटते. सौ. म्हणते, फोन हातात घेतलात आणि झोपी गेलात.

मंगळवार, ११ मार्च

दिवसभर अंथरुणात. सौ. रजा घेऊन उशाशी.

सायंकाळी सव्वापाचला धाकटीचा फोन. "मास्तरकाका, रागावू नका, एवढंच विचारायचं होतं. सकाळी तुम्ही तेरा टाकलात, कारणही सांगितलंत, पण मी लिहून घेईपर्यंत उठून गेलात. शेवटचं वाक्य राहिलं. काय होतं हो?"

विचारले, पत्ते किती होते?

"आमचे पाच आणि तुमचा. सहा. का?"

सौ. ऐकत होती. मी सांगायला निघालो की मी घरी आहे, सकाळपासून घरी आहे. त्याऐवजी धाकटीला ते शेवटचे वाक्य सांगितले. पूर्ण. तिने लिहून घेतले.

"हां, हेच!" ती म्हणाली.

वरील मजकूर शुद्धीत, माझ्या हाताने लिहिला आहे.

सही
ठिकाण : राहते घर, आतील खोली. सकाळपासून.
दिनांक : ११ मार्च