ट्रॅक्टर सुटा विकणे आहे

४ ऑगस्ट, सकाळ

नो आडनावाचा भंगारवाला आज भोंगा वाजवत गल्लीत आला. शेडमधल्या ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, मागच्या चाकाला लाथ घातली आणि भाव सांगितला. मी हसलो. मुद्दाम मोठ्याने, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं. अख्ख्या ट्रॅक्टरला त्याने जे सांगितलं त्यात ट्रॅक्टरचं नुसतं स्टिअरिंगही येऊ नये.

नो म्हणाला, "काका, बंद पडून तीन वर्षं झाली. मी लोखंड म्हणून घेतोय, आठवण म्हणून नाही."

असल्या माणसाशी काय बोलायचं. वाटेला लावला. जाताना दोन कलिंगडं दिली, ती वेगळी गोष्ट. उन्हाचा आला होता.

दुपार

निर्णय झाला. ट्रॅक्टर सुटा विकायचा. इंजिन वेगळं, पंप वेगळा, चाकं वेगळी. प्रत्येक नटाला गिऱ्हाईक असतं, फक्त शोधणारा पाहिजे.

आलेल्या पैशात बायकोला, ओक्जूच्या आईला, म्हाताऱ्या माणसांची ती चार चाकांची बॅटरीवरची गाडी घ्यायची. गुडघ्यामुळे ती गेल्या हिवाळ्यापासून चढावरच्या गावच्या सभागृहात गेलेली नाही. गावातल्या बायका तिथे दुपारभर पत्ते खेळतात, ही खिडकीत बसून टीव्हीशी बोलते. गाडी सुगीच्या पौर्णिमेआधी दारात उभी असेल, असं मी जेवताना जाहीर केलं.

ती म्हणाली, "ट्रॅक्टर जातोय तर जाऊ दे. पण विकणार कोण? तुम्ही?" आणि मुळ्याची किमची माझ्याकडे सरकवली. बायकांना धंद्यातलं कळत नाही.

६ ऑगस्ट

ओक्जूने ग्वांगजूहून फोनवर सांगत सांगत ते जुन्या सामानाचं ॲप माझ्याकडून चालू करून घेतलं. ती म्हणते, फोटोत ट्रॅक्टर कमी आणि बाबांचा अंगठा जास्त आहे. अंगठ्यामुळे वस्तूचा आकार कळतो, हे तिला कोण सांगणार.

ॲपवर प्रत्येकाचं तापमान दिसतं. माणूस चांगला वागला की व्यवहार करणारे वाढवतात. सुरुवातीला सगळ्यांचं सारखंच, निरोगी माणसाच्या अंगाइतकं. वाढवायला मला वेळ लागणार नाही.

नियम केला. सौद्यावर वरून काही द्यायचं नाही. आपल्याकडे बाजारातली बाईसुद्धा मुळ्याच्या जुडीवर एक मुळा फुकट टाकते, मग धंद्यात बरकत कशी येईल? मी मुळे विकत नाही. मशिनरी विकतो.

९ ऑगस्ट

पहिलं गिऱ्हाईक. शेजारच्या तालुक्यातला, हेडलाईटसाठी आलेला. एक. डावा.

पण माणूस रिकाम्या हाताने आला नाही. सोयाच्या दुधाचा अख्खा खोका घेऊन आला. आता दुधाचा खोका घ्यायचा आणि एक काच पुढे करायची, हे बरं दिसतं का? उजवा हेडलाईट दिला. एक दिवा गेल्यावर दुसरा इथे काय उजेड पाडणार? मग हॉर्न दिला. मग बॅटरी, कारण बॅटरीशिवाय हॉर्न म्हणजे नुसता डबा. हे वरून देणं नव्हे. हे संच पूर्ण करणं.

संध्याकाळी तापमान चढलं. त्याने लिहिलं, "आजोबांचं मन फार मोठं." सुरुवात उत्तम.

१७ ऑगस्ट

नदीकाठी कॉफीचं दुकान काढलेली एक बाई आली. तिला सीट पाहिजे. बसायला नाही, भिंतीवर टांगायला. मी तिला ट्रॅक्टरच्या सीटचा उपयोग दहा मिनिटं समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि सीटवरून हात फिरवत म्हणाली, "किती सुंदर झिजलीय."

ओक्जूची आई दारातून म्हणाली, "तीस वर्षं घासली तेव्हा कुठे कोणी कौतुक केलं."

बाईला दृष्टी आहे, यात शंका नाही. स्टिअरिंगही दिलं, दोन्ही एकाच भिंतीवर शोभतील. ती बॉनेटकडे बघत होती. मागितलं नाही, नुसती बघत होती. मी टेम्पोत चढवून दिलं. पैसे सीटचे घेतले. ठरलं तेवढंच घ्यायचं, हा माझा स्वभाव.

हे शेवटचं. उद्यापासून नियम कडक.

१८ ऑगस्ट

काल रात्री विचार केला. किरकोळ भाग हे आमिष असतं. खरी कमाई इंजिनात. माझा डाव बरोबर चालू आहे.

२५ ऑगस्ट

वादळ. मागचा ओढा भरून वाहतोय. गावप्रमुख मेंगने सकाळी सहाला गावाच्या लाऊडस्पीकरवरून वादळाची सूचना दिली आणि त्याच दमात माझं नाव घेऊन सांगून टाकलं की क्वाक पिल्दो यांच्याकडे ट्रॅक्टरचे सुटे भाग मिळतात, गरजूंनी जावं. मी त्याला जाहिरात कर म्हणालो होतो. "गरजूंनी" हा शब्द त्याच्या पदरचा.

आठ वाजेपर्यंत चारही टायर गेले. पॉलिहाऊसचं प्लॅस्टिक उडू नये म्हणून लोकांना वजन पाहिजे होतं. आता वादळात शेजाऱ्याकडून टायरचे पैसे घ्यायचे, मग मयतीला खांदा द्यायला कोण येईल? चारही टायर मीच गडगडत नेऊन दिले. कपडे पिळून काढावे लागले.

मेंग म्हणाला, "दादा, टायर परत आणून देतील हो लोक." मी म्हटलं, राहू दे. कुठे लावणार?

इंजिन जागेवर आहे. काळजी नाही.

६ सप्टेंबर

आजचा दिवस मोठा. इंजिनाचं गिऱ्हाईक आलं. तिशीतलं पोर, गुडघ्यावर फाटलेली विजार, छोटा क्रेन लावलेला ट्रक. शहर सोडून शेती करायला आलेल्यांपैकी. इंजिन नीट तपासलं, तेलाचा वास घेतला, घासाघीस केली नाही. पैसे पाकिटात घालून आणले होते. पाकीट जाड होतं. बॅटरीची गाडी मला डोळ्यांसमोर दिसू लागली.

सहज आडनाव विचारलं, तर माझंच. क्वाक. कुठले क्वाक? आमच्याच मूळ गावचे. आता एवढं निघाल्यावर पुढचं विचारायलाच हवं. मूळ पुरुषापासून पिढी कितवी? पोराला ठाऊक नव्हतं. त्याने बापाला फोन लावला. बापाने आकडा सांगितला आणि माझ्या हातातला पाना खाली पडला. पोर माझ्यापेक्षा दोन पिढ्या वर. नात्याने माझा आजोबा.

आजोबा पेटीवर बसले होते. मी त्यांना आत नेलं, वरच्या जागी बसवलं आणि वाकून नमस्कार केला. ते घाबरून उठले आणि मला वाकले. ते वाकल्यावर मी पुन्हा वाकलो. ते उभे असताना मला बसता येईना, मी उभा असताना त्यांना. आम्ही बराच वेळ उठबशा काढत होतो. ओक्जूची आई जेवण घेऊन आली तेव्हा दोघांनाही धाप लागली होती.

"आजोबा, असं नका ना करू," तो म्हणाला.

"आजोबा तुम्ही," मी म्हटलं.

आता घरच्या वडीलधाऱ्याकडून इंजिनाचे पैसे घ्यायचे कसे? मेल्यावर पूर्वजांना तोंड दाखवायचंय. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं. मी त्याच्या खिशात घातलं. त्याने तांदळाच्या पिंपामागे सरकवलं. मी ट्रक चालू झाल्यावर धावत जाऊन काचेतून आत टाकलं. धावताना हायड्रॉलिक पंप हातात होता, तोही दिला. वडीलधाऱ्यांना निरोप देताना काहीतरी द्यावं लागतं.

ओक्जूची आई दारात उभी होती. म्हणाली, "आजोबा वयाने धाकटे होते, पण पाकिटाने थोरले होते. घ्यायचं होतंत."

गुडघा धरून आत गेली. जेवली नाही. भूक नसेल.

७ सप्टेंबर

तापमान गावात सर्वांत जास्त. मेंगच्याही वर. तिला दाखवलं. म्हणाली, "एवढा ताप असेल तर दवाखान्यात जा."

१४ सप्टेंबर

हिशेब करायचा नाही असं ठरवलंय. हिशेबाने माणूस कोता होतो.

आज दुपारी शेडमधून येताना खिडकीजवळून गेलो. टीव्ही बंद होता, तरी ती बोलत होती. कालच्या डावात कोणाला कोणतं पान आलं असेल, ते स्वतःशीच सांगत होती. एका बाईचा आवाज काढून हसलीसुद्धा. मी पाय न वाजवता मागे फिरलो आणि गिअरबॉक्सचे फोटो काढले. अंगठा न येऊ देता.

२१ सप्टेंबर

गिअरबॉक्सला कोणी नाही. एकाने विचारलं, इंजिन आहे का? मी म्हटलं, घरात गेलं.

२४ सप्टेंबर

पौर्णिमा परवावर. आलेल्या पैशात गुडघ्याच्या पट्ट्या आणल्या, गरम होणाऱ्या. गाडीचा पहिला टप्पा म्हणता येईल. तिने घालून पाहिल्या, चांगल्या आहेत म्हणाली. मग म्हणाली, "गाडी नको हो मला. तुम्ही उगाच डोक्यात घेऊ नका." याचा अर्थ तिला गाडी पाहिजेच आहे. सदतीस वर्षांत तिचं एवढं तर मला कळतं.

२८ सप्टेंबर

नो पुन्हा आला. बोलावल्यावर. सांगाडा, गिअरबॉक्स आणि ज्याला नाव नाही असं बरंच काही उरलेलं. बारकाईने बघून म्हणाला, "काका, आता हे नुसतं नेण्याचंच काम राहिलं."

भाव त्याने सांगितला नाही, मी विचारला नाही. क्रेनचं भाडं मात्र त्याला पडणार होतं. निम्मं मी दिलं. मग उरलेलंही दिलं, निम्म्यासाठी कुठे तोंड वाईट करायचं. रताळ्यांचं पोतं वेगळं.

ट्रक वळणावरून गेला. ऑगस्टमध्ये तो सगळा ट्रॅक्टर पैसे देऊन नेत होता हे खरं, पण तेव्हा बाजार तेजीत होता. बाजाराचं असं चालायचंच.

२९ सप्टेंबर

शेडमध्ये उभा राहिलो. खोकलो तर आवाज घुमला. ओक्जूच्या आईने फरशी धुतली. बसून, सरकत सरकत, सकाळपासून. मी म्हटलं कशाला? म्हणाली, "बरं वाटतं."

५ ऑक्टोबर

सभागृहातल्या बायका आज खाली आल्या. सगळ्या. पुढे मेंगची आई, नव्वदीची, तिला मेंगने चारचाकी टेम्पोतून आणली. मागून चटया, पत्ते, उकडलेली रताळी, कोणाची तरी विजेवर गरम होणारी गादी. मला वाटलं, भेटायला आल्या. त्यांनी शेडमध्ये चटया अंथरल्या आणि पत्ते वाटले.

मेंगची आई म्हणाली, "ती वर येऊ शकत नाही, तर आम्ही खाली आलो. आधीच आलो असतो, पण त्या लोखंडाच्या मांडीवर बसायचं होतं का?"

ओक्जूची आई जिंकली. स्वयंपाकघरात मला कॉफी करताना तिचं हसणं ऐकू येत होतं. खऱ्या बायकांबरोबरचं.

नऊ कप. साखर मीच टाकली.

अर्थात, सुरुवातीपासून माझा बेत हाच होता. गाडी हे बोलायला होतं. मूळ उद्देश जागा. हे मी आधी लिहून ठेवलं नाही, कारण डाव उघड करायचा नसतो.

१९ ऑक्टोबर

थंडी पडली. बायकांना शेडमध्ये शेगडी पाहिजे. ओक्जूच्या आईने माझा फोन मागितला आणि कोपऱ्यातल्या भात वाळवायच्या यंत्राचा फोटो काढला. शेत आता भाड्याने दिलंय, यंत्र कशाला, म्हणाली. मला विचारलं नाही.

गिऱ्हाईक दुपारी आलं. बरोबर संत्र्याच्या रसाचा खोका. ती म्हणाली, "अगं बाई, कशाला तसदी," आणि खोका घेतला. पैसे घेतले, मोजले, पुन्हा मोजले. गिऱ्हाईक घुटमळलं. सगळ्या बायका पत्ते थांबवून बघत होत्या. ती पिशवीत हात घालून म्हणाली, "एवढ्या लांबून आलात, रिकाम्या हाताने कसं पाठवू," आणि त्याला एक रताळं दिलं. एक.

तो खूश होऊन गेला. मी त्या रताळ्याचा विचार अजून करतोय.

संध्याकाळी शेगडी आली.

२ नोव्हेंबर, दुपारी

हे वरच्या सभागृहातून लिहितोय. आज तिचं दुसरं गिऱ्हाईक येणार, पाण्याच्या मोटारीसाठी. त्या वेळी मी कुठे असावं यावर बायकांनी विचार केला. एकमत झालं. मी म्हटलं, विक्रीचं थोडंफार मला जमतं. पुढचा डाव वाटण्यात आला.

इथे कोणी नाही. जमीन गार आहे. माझा टेम्पो मेंगकडे दिला होता, त्याच्या आईला आणायला, म्हणून चालत आलो. आजवर इथे कधी चालत आलो नव्हतो. मध्ये पर्सिमनच्या झाडाखाली बसावं लागलं. पुढे पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पुन्हा बसलो. माझे गुडघे चांगले आहेत, तरी.

चढ आहे.