सईच्या पायाची बोटं

मंगळवार, ९ सप्टेंबर, मालाड

रविवारी मी लिहिलं होतं की सई लाजली. ते चूक आहे. दादाची ही सहा वर्षांची मुलगी बाबांच्या गाववाल्या मित्राला नमस्कार करायला वाकली, तसं त्या काकांनी तिला मांडीवर ओढून पापा मागितला. तिने फ्रॉकची कॉलर चावायला घेतली, पायाची बोटं घट्ट आत वळवली. आई म्हणाली, "दे गं, मोठे आहेत ना ते." सगळे हसले. मीसुद्धा. शी.

मला कळलं नव्हतं का? लहानपणी त्याच मांडीवर, त्याच तंबाखूच्या वासात, माझी बोटंही अशीच वळायची. आत्ता लिहितानाही वळली आहेत.

सई लांबूनच नमस्कार करेल, हे काकांना आईसमोर सांगणार आहे. येत्या रविवारी, चौदा तारखेला.