तुमच्या भावाच्या वजनाचा गूळ

॥ मारुतीराया समर्थ ॥

वरवट बकाल,
जानेवारी २०२२, पौष लागला

तीर्थरूप रुख्मिणीताईंच्या पायांवर वरवटहून डोकं ठेवते. (कंबर धरली आहे म्हणून मनातल्या मनात ठेवलं आहे, पण ठेवलं आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला बसला का? सोनाळ्याला थंडी आमच्याहून जास्त म्हणतात, तेव्हा सकाळी अंगणात उघड्या डोक्याने फिरू नका.

डबा उघडून तुम्ही चमकल्या असाल. आत खाण्याचं काही नाही, नुसतं पत्र आहे. नात्यातला डबा रिकामा परत पाठवू नये एवढं मला कळतं. पण त्याचं असं झालं आहे, की तुम्ही डिंकाचे लाडू पाठवता, रिकामा कसा धाडू म्हणून मी त्यात कुरड्या भरते, तुम्हालाही तो रिकामा धाडवत नाही म्हणून तुम्ही पुन्हा लाडू भरता. एसटीचा संप झाला, गाड्या बंद पडल्या, तरी डबा काळीपिवळीत बसून येतोच. म्हणून ह्या वेळी विचार करून पत्र भरलं. डबा रिकामाही नाही आणि त्यात तूपही नाही.

फोन का केला नाही म्हणाल, तर फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो हो म्हणते. तेवढ्यात हे फोन ओढून घेतात आणि आवाज बारीक करून "ताई, लय अशक्तपणा हाय वं" म्हणतात. ह्यांचं बारीक झालेलं तेवढंच, आवाज.

आता मुद्द्याचं. वैशाखात ह्यांना शेगावला दवाखान्यात ठेवलं ते तुम्हाला माहीतच आहे, पण आतलं माहीत नाही. सिस्टरने वजन विचारलं, हे म्हणाले ऐंशी. काटा म्हणाला अठ्ठ्याण्णव. नाकाला नळी लागलेली असताना माणूस खोटं बोलू शकतो हे मी तेव्हा पाहिलं. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की फुफ्फुसाला फुगायला जागा लागते आणि ह्यांच्या पोटाने खालून ती जागा दाबून धरली आहे. हा रोग बारीक माणसालाही होतो, म्हणाले, पण जाड माणसाला धरलं की सहजी सोडत नाही, ऑक्सिजन जास्त लागतो. श्वास सुधारावा म्हणून ह्यांना पालथं झोपवायचं ठरलं. ताई, खिडकीच्या काचेतून मी ते पाहिलं. तिघांनी मिळून उपडं केलं, पण पोटामुळे हे पाळण्यासारखे डावीउजवीकडे डुलायला लागले. शेवटी दोन्ही बाजूंनी उशा लावून टेकू दिला. हसावं की रडावं कळेना, म्हणून मी लिंबाखाली बसून स्तोत्र म्हटलं आणि तिथेच नवस बोलले, की मारुतीराया, ह्यांना घरी आण, ह्यांच्या वजनाइतका गूळ तुझ्या पायरीशी तोलीन. एरवी कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजाराला दोन चकरा मारणारी मी, पण देवाशी घासाघीस केली नाही. त्या वेळी अख्खं गुऱ्हाळ मागितलं असतं तरी हो म्हटलं असतं.

देवाने ऐकलं. हे घरी आले तेव्हा पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळावी लागे. मी लगेच नवस फेडायला निघाले. (माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. नवस ताजा असताना फेडलेला बरा, आणि हे त्या वेळी बारीक होते हा योग होता.) पण देवळाला सरकारी कुलूप. पुजारीबुवा म्हणाले, उघडल्यावर या. ते उघडलं घटस्थापनेला. तोवर तुमचा डबा चालू झाला होता.

ताई, राग मानू नका. तुम्ही सगळ्यांना सांगता, "अंगावर होतं म्हणून तगला माह्या भाऊ, वाळका असता तर उडून गेला असता." डॉक्टरांचं म्हणणं नेमकं उलट आहे. अंगावर होतं म्हणूनच एवढं झालं. पण ह्यांना तुमचंच पटतं, कारण डॉक्टर लाडू देत नाहीत.

मी काही केलं नाही असं समजू नका. भाकरी एकच वाढते, तेल पळीने न घालता चमच्याने घालते (ह्यात बचतही होते, ती गोष्ट वेगळी). डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून हे रोज संध्याकाळी काठी घेऊन निघतात. मला वाटलं, चला, झडतील. तर कसचं काय! ज्या ओट्यासमोरून जातात तिथे लोक हाक मारतात, "दयारामभाऊ, या, कसं झालं होतं वो तुमचं?" हे बसतात आणि पहिल्यापासून सांगतात. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला कोरडं कसं उठवायचं, म्हणून चहा येतो, चहाबरोबर चिवडा येतो. नळी लागली इथपर्यंत कथा आली की पोहे येतात. पलीकडच्या तानाबाईने मला सांगितलं, की तिच्याकडे ह्यांनी एकच कथा तीनदा सांगितली आणि तिसऱ्यांदा शिऱ्यापाशीच संपवली. माणूस फिरून येतो तो जाताना होता त्याहून जड. कपाटातल्या शर्टांची बटणं आता मी पक्क्या दोऱ्याने शिवते.

दिवाळीनंतर कापूस, मग तूर, असं करत मार्गशीर्षातल्या शेवटच्या शनिवारी गूळतुला ठरवली. देवळासमोर आडतीवरचा मोठा तराजू टांगला. एका पारड्यात हे मांडी घालून, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. शंभर किलोंचा अंदाज धरून मी तेवढाच गूळ सांगितला होता. सगळा चढला, पारडं जागचं हललं नाही. दुकानदाराने होत्या नव्हत्या त्या भेल्या आणल्या. ह्यांचं पारडं जमिनीला चिकटलेलं ते चिकटलेलंच. पोरं ओरडायला लागली, "टाका बे अजून!" आणि तानाबाई भर गर्दीत म्हणते, "छाये, तूच बस वं त्या पारड्यात!" त्यावर हे तिथूनच, "नको, देवाले गोड बोललं हाय!" सगळं गाव हसलं. मी पदर तोंडावर घेतला. (मलाही हसू आलं होतं, पण ते दाखवलं नाही.)

पुजारीबुवांनी निवाडा दिला, की गूळ सरला तर नवस मोडत नाही, थांबतो. जेव्हा ह्यांचं पारडं उचललं जाईल त्या दिवशीचं वजन खरं. मग हे उठले आणि नमस्काराला देवळाच्या पायऱ्या चढले. चारच पायऱ्या आहेत. वर जाऊन खांबाला धरून उभे राहिले आणि ताई, मला तो आवाज ऐकू आला. वैशाखात दुखणं सुरू झालं त्या दुपारी आला होता तोच, भात्याला भोक पडल्यासारखा. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "काई नाई, थंडी हाय." वैशाखात म्हणाले होते, "काई नाई, ऊन हाय."

मुंबईकडे परत सुरू झालं आहे, टीव्हीवर रोज आकडे वाढतात. दोन्ही डोस घेतले आहेत, तरी मला झोप येत नाही. मागच्या वेळी देवाने उधारीवर परत दिले. उधारी फेडली नसताना पुन्हा कोणत्या तोंडाने मागू?

बाकी ठीक. लहानांना आशीर्वाद, गाईला माझ्याकडून हिरवा घास. तुमच्या शब्दाबाहेर नसलेली,

भावजय छाया

ता. क. संक्रांत तोंडावर आली आहे. तीळगूळ पाठवू नका, तुम्ही स्वतः या आणि महिनाभर राहा. हे माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत, पण तुम्ही डोळे मोठे केले की अजूनही चड्डीतल्या पोरासारखे उभे राहतात. संध्याकाळी तुम्ही ह्यांच्याबरोबर चाला, आणि कोणत्याही ओट्यावर बसू देऊ नका. पत्र खरं म्हणजे ह्याचसाठी लिहिलं.

ता. क. दुसरं. हे लिहू की नको असं करत होते. दिवाळीला तुम्ही आलात तेव्हा आमच्या दाराची पायरी चढून तुम्हीसुद्धा चौकटीला धरून उभ्या राहिलात आणि म्हणालात, गुडघा दुखतो. तो गुडघ्याचा आवाज नव्हता, ताई. म्हणून तुम्हीही चाला, आणि लाडू तिकडेही वळू नका. तुमच्याबद्दल मी मारुतीला अजून काही बोललेले नाही. तुम्हाला काही झालं तर माझ्या तोंडून नवस निघाल्याशिवाय राहणार नाही, माझा स्वभाव मला माहीत आहे. आणि तेवढा गूळ अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात मिळायचा नाही.