सोनुबाईचा बिनकानाचा कप आणि बाकीचे अकरा

रविवार, दिनांक १२ जानेवारी २०२५, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. माझ्या अनगोळच्या घरी, काचेच्या कपाटात बारा कप असताना, गटार साफ करायला आलेल्या आण्णाप्पांना माझ्या भाच्याने कागदी कपात चहा दिला. म्हणून हे मृत्युपत्र.

मी, सुनयना कृष्णात मेत्री, वय ७१, निवृत्त मुख्याध्यापिका, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मोतीबिंदूच्या पट्टीमुळे त्या दिवशी मला नीट दिसत नव्हते. ऐकू मात्र सगळे येत होते.

भाचा भीमरत्न, निपाणीत इंजिनिअर, म्हणाला, "गटारीतले हात. दोनशे वर्षांचा कप हाय तो!"

त्याची बायको करिष्मा म्हणाली, "आवो, धुतलेत की हात त्यांनी. द्या कपात."

आण्णाप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. मला सवय हाय."

ही सवय मी ओळखते.

१. अनगोळचे घर करिष्माला. एका बशीची सोनेरी कड तिने तारेच्या घासणीने पार पुसून टाकली, हे मी विसरलेले नाही. पण वरचे वाक्य तिचे आहे. भीमरत्नने त्या घरात राहावे की नाही, ते तिला विचारावे.

२. बिनकानाचा कप. माझी आई सोनुबाई बेळगाव कॅम्पातल्या एका वकिलांच्या बंगल्याचे अंगण झाडत असे. देश सोडून जाणाऱ्या इंग्रज साहेबाच्या लिलावात घेतलेला हा विलायतेतल्या स्टॅफर्डशरचा चिनी मातीचा संच वकिलांकडे होता. त्यातल्या कान तुटलेल्या कपात आईला मागच्या दारी चहा मिळे. तो तिनेच विसळून खिडकीबाहेर उपडा ठेवायचा. त्याच वर्षांत कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला बशी कशी धरावी ते शिकवत होत्या! बंगला विकला गेला तेव्हा मी सगळा संच घेतला. वकिलांचा मुलगा म्हणाला, "तो फुटका टाकून द्या, बाई." कप अजून खिडकीतच होता. जाणकार सांगतात, त्याच्यामुळे संच अपुरा ठरतो. त्यांना काय कळते! हा कप भीमरत्नला, विनाअट. त्याच्या आजीचा आहे.

३. उरलेले अकरा. उजेडासमोर धरले की पलीकडचे बोट दिसते. निळी वेल हाताने काढलेली. एक पान दुसऱ्यासारखे नाही. कडेला टिचकी मारली की नाद घुमत राहतो. हे सगळे भीमरत्नला मी लहानपणी शिकवले. कप कोणासाठी काढायचे, ते शिकवायचे राहिले. ती चूक माझी.

गटारीच्या उरलेल्या कामासाठी आण्णाप्पा रविवारी, २६ जानेवारीला येणार आहेत. भीमरत्नने निपाणीहून यावे, स्वतः चहा करावा, शेजारी बसून प्यावा. आण्णाप्पांना कानाचा कप, स्वतःला बिनकानाचा. कप फुटला तर "फुटला" एवढेच म्हणावे. हे झाले तर अकरा कप त्याचे. नाहीतर खासबागेच्या बुद्ध विहाराला, रोजच्या चहासाठी. कपाटात ठेवायला नाही.

आज साक्षीला बोलावून, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे सांगितल्यावर आण्णाप्पा म्हणाले, "मग करतो सही, बाई. न्हायतर लोक म्हणतील, कपासाठी आलता."

ठिकाण: अनगोळ, बेळगाव
दिनांक: १५ जानेवारी २०२५
सही: सुनयना कृष्णात मेत्री
साक्षीदार: १. आण्णाप्पा (सही) २. जयाबाई, शेजारीण (सही)

प्रत भीमरत्नला. उत्तर सोमवार, २७ जानेवारी, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे. मोबाईलवर नको, कागदावर, शाईने. माफी लिहू नकोस. चहा गरम असताना बिनकानाचा कप कसा धरावा लागतो, तेवढेच लिही.