मंडळात ठरलेलं

२८ ऑगस्ट, गुरुवार

नव्या लोकांना आज पुन्हा तेच शिकवलं. प्रोजेक्ट कसा चालवावा! “जे लिहिलं नाही, ते ठरलंच नाही” — माझं लाडकं वाक्य. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या. चौघांनी फोटो काढले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

३१ ऑगस्ट, रविवार

मंडळात महाप्रसाद. कलकत्त्यातली सगळी मराठी डोकी एका हॉलमध्ये, आणि सगळ्यांचे आवाज चढलेले! पंगतीत शेजारी दातारकाका. प्रभाकर दातार म्हणजे बजबजच्या ज्यूट मिलचे लेबर ऑफिसर. मिलच्या गेटवर आम्ही हजेरीचं नवं मशीन बसवतोय — अंगठा लावा, आत जा — त्यामुळे ते माझे क्लायंट. पण तीन पिढ्या इथल्या, आणि मी नऊ वर्षांपूर्वी सोलापूरहून आले तेव्हा बेहालातलं घर त्यांनीच शोधून दिलं. साहेब कसं म्हणणार? काकाच. ऑफिसच्या बैठकीतही आम्ही दोघं मधूनच मराठीत शिरतो.

मसालेभात वाढून घेता घेता म्हणाले, “अगं, आमचे बदली कामगार आहेत ना — पहाटे गेटवर येतात, जो गैरहजर त्याच्या जागी लागतात. त्यांना कायम नंबर नसतो. त्यांची सोय हवी बरं का मशीनमध्ये.”

म्हटलं, “होईल हो काका. आपलंच काम आहे.”

“मग ठरलं,” म्हणाले, आणि मठ्ठा मागितला.

अशी कामं किती सोपी होतात! ऑफिसात याच गोष्टीला तीन बैठका लागल्या असत्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

रिपोर्टात सगळे रकाने हिरवे. सुतपाने जाता जाता पुन्हा विचारलं, “भाग्यश्रीदी, आणखी काही राहिलंय? मागणीच्या कागदावर आहे तेवढं मी तपासलंय.” ही आमची बंगाली टेस्टिंगवाली. अकरा वर्षं झाली, कागदाबाहेर पाऊल टाकत नाही. दुर्गापूजेनंतर टीमची लीड होणार आहे. म्हटलं, काही राहिलं नाही, तू निवांत राहा. विश्वकर्मा पूजेच्या आधी मशीन सुरू!

१५ सप्टेंबर, सोमवार

कसं लिहू.

पहाटे सुतपाला गाडीत घेऊन बजबजला पोचले. सहाची पाळी. कायम कामगार अंगठा लावून भराभर आत गेले. सुतपाने माझा हात दाबला, इतकी खूश होती. मग रांग थांबली. दीडशे-पावणेदोनशे माणसं बाहेर उभी. अंगठा लावला की लाल दिवा. पुन्हा लावला, पुन्हा लाल.

एक म्हातारासा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, “सत्रह साल से आ रहे हैं दीदी. आज मशीन पूछता है हम कौन हैं.”

तेव्हा आठवलं. मसालेभात, मठ्ठा, सगळं.

हजेरीची जुनी वही शनिवारीच बंद करून आत कुलपात ठेवलेली. वही निघेपर्यंत साडेनऊ. तोवर पाळी भरायची वेळ गेली होती. माणसं घरी गेली. दिवसाचं काम बुडालं. कुणी दगड मारला असता तर बरं झालं असतं. कुणी काही केलं नाही, नुसते डबे घेऊन परत गेले.

सुतपा गेटपाशी उभी राहून कागद चाळत होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. “हे यात कुठेच नाही,” म्हणाली. “मला कसं सुटलं?”

मी तिच्या शेजारी उभी होते.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दातारकाकांचा फोन. “अगं, ते आपण पंगतीत बोललो होतो ना? जाऊ दे. इकडे मी आमच्या साहेबांना सावरून घेतो. आपल्या माणसाचं नाव कशाला खराब करायचं?”

“बरं काका,” म्हणाले. बरं म्हणाले मी!

१८ सप्टेंबर, गुरुवार

बैठक. अजेय सर, म्हणजे आमच्या शाखेचे प्रमुख, त्यांनी विचारलं, बदली कामगारांचा प्रकार तपासला का नाही. सुतपा म्हणाली, मागणीच्या कागदात तो नव्हता. सर म्हणाले, “अकरा वर्षांच्या अनुभवी माणसाने कागदापलीकडे बघायला नको?”

ती लाल झाली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरे होतं. ‘क्लायंटने मला तोंडी सांगितलं होतं, मी विसरले.’ मनात तीनदा म्हणून झालं. तोंडातून आलं, “पुढच्या वेळी आपण काळजी घेऊ.”

घेऊ! म्हणजे तिच्या चुकीत मी मोठ्या मनाने वाटा उचलला. मला माझी किळस येते.

शिकवायच्या खोलीतल्या फळ्यावर ते वाक्य अजून तसंच आहे. कुणी पुसू नये म्हणून भोवती चौकट केलीय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सांगायचं ठरवून तिच्या टेबलापाशी गेले. तिने वर पाहिलं. विचारलं, “चहा घेणार?”

चहा प्यायलो. पूजेच्या साड्यांबद्दल बोललो.

२१ सप्टेंबर, रविवार

महालया. दुर्गापूजा आठवड्यावर आली; पहाटेच शेजाऱ्यांच्या रेडिओवर देवीची स्तोत्रं. दिवसभर एक मेल लिहिलं, खोडलं. ‘त्या दिवशी फार गडबड होती’ असं लिहिलं — कसली गडबड, जेवत होते! ‘क्लायंटने औपचारिकरीत्या कळवलं नव्हतं’ असंही लिहून पाहिलं. म्हणजे काकांवर ढकलायलाही कमी केलं नाही. पाठवलं नाहीच.

मला नोकरीची भीती नाही. नोकरी जाणार नाही, माहीत आहे. भीती कसली, तर त्या चौघांनी काढलेल्या फोटोंची. माझ्याबद्दल लोकांचं जे मत आहे ना — भाग्यश्रीदी, शिस्तीची! — तेवढं जाईल. तेवढ्यासाठी एका बाईचं नाव मी चिखलात टाकून ठेवलंय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सुतपाला प्रोजेक्टवरून काढलं. लीडचंही राहिलं. तिने माझ्याकडेच येऊन सांगितलं. “तुम्ही बैठकीत सांभाळून घेतलंत, नाहीतर जास्त वाईट झालं असतं,” म्हणाली. आभार मानले माझे.

बाथरूममध्ये जाऊन रडले. त्याने तिचं काय भलं झालं?

२४ सप्टेंबर, बुधवार

सांगितलं. अजेय सरांच्या केबिनचं दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं — मंडळ, पंगत, फोन, सगळं.

सर शांतपणे म्हणाले, “दातारांनी मला सोळा तारखेलाच सांगितलंय.”

म्हणजे बैठकीच्या आधी! ते विचारत होते तेव्हा त्यांना ठाऊक होतं.

“मिलचं पुढचं कामही आपल्याला मिळेल. का? त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे म्हणून. क्लायंटसमोरचा चेहरा मी खराब करत नाही. सुतपा दुसरीकडे रुळेल.”

म्हटलं, लीडचं तरी तिला द्या. म्हणाले, नावं वर गेली. मी म्हटलं, मग मी सगळ्यांना लेखी कळवते. “पूजेनंतर बघू,” म्हणाले आणि फोन उचलला.

मी बाहेर आले. सुतपा जागेवर बसून कुणासाठी तरी पानंच्या पानं टाइप करत होती. तिच्यापर्यंत दहा पावलं होती. उद्या, म्हटलं. उद्या नक्की.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काल सुतपा आलीच नाही. आज तिचं काम हाती घेणाऱ्यासाठी तिचे कागद आले, आम्हा सगळ्यांना. नऊ पानं. शेवटचं पान, मथळा ‘माझ्या चुका’. खाली एकच आहे —

‘क्लायंटशी बैठकीत मराठीत बोलणं सुरू झालं, की थांबवून अर्थ विचारावा. भाग्यश्रीदी रागावणार नाहीत. बदली कामगारांचं तेव्हाच कधीतरी बोलणं झालं असणार. मी सहा महिने विचारलं नाही, मला भीड वाटली.’