सगळ्यांना एकाच दिवशी

३ जून
आलो बाई एकदाच्या! वसतिगृहाच्या मेट्रनची खोली चांगली ऐसपैस आहे. माझी चिमी सहा वर्षांची, पण सामान लावताना हुकूम सासूबाईंसारखे सोडत होती. थोरल्या बाई, म्हणजे इथल्या प्रमुख, म्हणाल्या की मुलींना जंत होतात, गोळीनं जातात आणि पुन्हा होतात. म्हटलं, सोडा माझ्यावर. जंतांना घाबरले तर मेट्रन कसली!

६ जून
डॉक्टरांनी नीट समजावलं. गोळी सगळ्यांना एकाच दिवशी द्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, कारण पहिलीनं जंत मरतात, अंडी राहतात. ती नखांत, चादरींत दडतात. एक जण जरी सुटला तरी सगळं मुसळ केरात. मी सगळ्यांना ओळीत उभं करून गोळी चावायला लावली, मग जीभ बाहेर काढून दाखवायला. नखं कापली, चादरी न झटकता उकळत्या पाण्यात घातल्या. मुलींनी माझं नाव नखंबाई ठेवलंय. मला आवडलं.

२१ जून
दुसरी गोळीही झाली. मुली शांत झोपतात, खाल्लेलं अंगी लागतंय. चिमीचे गाल वर आलेत.

९ जुलै
पुन्हा जंत. यावेळी चिमीलाही. दिवसभर भिंतीला टेकून बसते. स्वयंपाकीणबाईनं गोळी जिभेखाली दडवली असणार. तिनं शपथा घेतल्या, तरी थोरल्या बाईंना सांगून तिला काढायला लावलं. जाताना रडली. मला वाईट वाटायला हवं होतं.

३० जुलै
नवी स्वयंपाकीण, नव्या चादरी, दोन्ही गोळ्या. तरी तेच. चिमीचा फ्रॉक खांद्यावरून घसरतो. मी बघते आणि आत काहीच हलत नाही. माझी तब्येत मात्र ठणठणीत.

२ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, कोणीतरी राहिलंय. मी एकेक माणूस मोजून दाखवला. राखणदार, धोबीण, थोरल्या बाईसुद्धा, सगळ्यांच्या जिभा मी पाहिल्यात. ते ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि तुमची जीभ कोणी पाहिली?"

३ ऑगस्ट
गोळी तोंडात घातली. चावता येईना. जबडा ऐकत नाही. थुंकली. हातानं ती उचलून डबीत ठेवली, झाकण लावलं. मी नाही लावलं.

५ ऑगस्ट
थोरल्या बाईंना सांगायला गेले. तोंडातून निघालं, सगळं ठीक आहे. हसून निघालं. घाबरायला हवं — घाबरायलाही येत नाही.

६ ऑगस्ट
चिमीला बहिणीकडे पाठवायचं. चिठ्ठी लिहायला घेतली, बोटं मिटली. इथे लिहू देतात ते, माझ्या आतले. इथे कोण वाचतंय —

७ ऑगस्ट
चिमीला उठवत नाही. भरव म्हणते. हात धुवायचाय, नळ समोर आहे, हात तिकडे जात नाही. डाव्यानं लिहितेय. उजवा ताटात गेला — घास कालवतोय — चिमे, तोंड मिट. मिट म्हणतेय मी. पण माझ्याच आवाजात ऐकू येतंय ते, आ कर बाळा, आ —