आरोहीचा प्रोजेक्ट

अब्बा,

जेवायला याल तेव्हा मी घरी नसेन. आमटी गॅसवर आहे, गरम करून घ्या.

आरोहीचा प्रोजेक्ट मी उतरवला, हे सोमवारी मी स्वतःहून तुम्हाला सांगितलं होतं. दोघींचे प्रोजेक्ट सारखेच निघाल्यावर भेगडे मॅडम म्हणाल्या होत्या, "जिनं उतरवलाय तिनं शुक्रवारपर्यंत येऊन सांगायचं. मी घरी फोन करणार नाही, तुम्ही आता लहान नाही." मला भीती वाटत होती, म्हणून तुमच्यापाशी बोलले. तुम्ही म्हणालात, "लई इचार करू नको, मी हाय ना." मला केवढा धीर आला होता.

आज सकाळी आरोहीचा फोन आला. काल तुम्ही प्राचार्यांना भेटून सांगितलंत, की तिनंच माझा उतरवला. आता तिला परीक्षेला बसू देणार नाहीत. ती रडत होती. "जस्मीन, अब्बांना तू पाठवलंस का?" एवढंच विचारत होती. मी नाही म्हटलं, पण तिला ते पटलं नाही. दर ईदेला तुम्ही तिला आमच्याबरोबर ईदी देता, अब्बा. तिचं नाव घेताना तुमची जीभ कशी रेटली?

मी पिरंगुटहून बसनं कॉलेजला जातेय, खरं सांगायला. मागे येऊ नका. मला परीक्षेला बसू दिलं नाही तर घरीच बसेन, पण यापुढे तुम्हाला काही सांगताना दहादा विचार करेन.

आरोहीच्या आईला फोन मात्र तुम्हीच करा. तुमच्या वाटणीचं मी बोलणार नाही.

जस्मीन